लाल भिंत पिवळी होईपर्यंत

अहो, तुमची तेरवी झाली आणि चौथ्या दिवशी आपल्या छपरीत क्रीम रंगाच्या दोन बादल्या येऊन बसल्या. जिथे तुमची बाज असायची, बरोबर त्याच जागी. दादाजींनी उमरखेडहून आणल्या. तुमचे मोठे भाऊ असे आहेत, दुःखातसुद्धा काम काढतात. म्हणाले, "मंदा, मंगळवारी पेंटर येईन. सारं घर एका रंगाचं करून टाकू. माणूस गेल्याचं घर हाये हे, जत्रेतला पाळणा नाही."

मी डोक्यावरचा पदर सावरला आणि दाराआड उभी राहिले. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर मी हेच करत आले. तुमच्यापुढे माझं तोंड कसं चालायचं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक, पण दादाजी समोर आले की माझी जीभ टाळूला चिकटते. तुम्ही हसायचात यावर. "वाघिणीची मांजर झाली बापा," म्हणायचात. या वेळी हसायला तुम्ही नव्हता आणि मंगळवार चार दिवसांवर होता.

पुण्याहून आपल्या संजूचा फोन आला. तो म्हणाला, "आई, मोठे बाबा म्हणतात ते बरोबरच असेल. तुला काय वाटतं?" मला काय वाटतं, हे पोराला फोनवर कसं सांगायचं? मी म्हटलं, "पाहू." त्या दुपारी जेवण गेलं नाही. अंगणात बाज टाकून पडले आणि घराकडे बघत राहिले. ऊन तापलं होतं. डोळा लागायचा, उघडायचा. लागला की तुम्ही शिडीवर दिसायचात, पाठमोरे, कानामागे पेन्सिल खोचलेली. उघडला की नुसती भिंत.

कसं होतं हो हे घर आधी! घरकुलातलं. दोन खोल्या, एक छपरी, वर स्लॅब. ओळीत अशीच आठ घरं. सिमेंटचा गिलावा झाला आणि आपला उत्साह तिथेच संपला. अकरा वर्षं घर राखाडी राहिलं. नवा पाहुणा हमखास शेजारच्या घरात शिरायचा, पाणी प्यायचा आणि मग आपलं घर विचारायचा. वास्तूच्या दिवशी मीच बोलून गेले होते, "घर कसं बिना कुंकवाच्या कपाळावानी दिसून राह्यलं." सासूबाईंनी झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. शुभ दिवशी बोलायची गोष्ट होती का ती! तुम्ही उंबऱ्याशी नारळ फोडत होता. तुमच्या कानावर ते गेलं असेल असं मला वाटलंच नाही. मी स्वतः संध्याकाळपर्यंत विसरून गेले.

मग दोन वर्षांपूर्वीचा तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती आणि त्यांच्या मागून तुम्ही. आपल्याला ना शेत, ना बैल. आपली हळद-मिरची दळायची चक्की. पण तुम्ही घरोघरून शिंगं रंगवून उरलेले रंग मागून आणलेत. डब्यांच्या तळाशी बोटभर लाल, बोटभर हिरवा, एकात चांदीसारखं काहीतरी.

मी म्हटलं, "काहून, आता माह्या शिंगाले रंग लावता काय?"

"तुह्या शिंगाले नाही पुरणार," तुम्ही म्हणालात. "खिडकीपुरता हाये."

खिडकी झाली. मग खिडकी एकटीच उठून दिसते म्हणून दार झालं. दार झालं म्हणून जोतं गेरूने सारवलं. मग आपल्याला थांबताच येईना. चक्की बंद करून तुम्ही यायचात, माझी अंगणवाडी सुटली की मी यायचे, आणि दिवस मावळेपर्यंत आपण भिंतीला चिकटलेले. अंबाडीचा वाख बांधून तुम्ही कुंचा केलात, विकतच्यापेक्षा चांगला. चुन्यात नीळ कालवून पूर्वेची भिंत निळी केली. पहिल्या दिवशी रंग फार गडद वाटला म्हणून मी आणखी चुना ओतायला लावला. वाळल्यावर भिंत नुसती धुतलेल्या धोतरासारखी पांढरी निघाली! ओला चुना फसवतो, हे आपल्याला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी नीळ दुप्पट घातली, आणि जो निळा उतरला तो अजून टिकून आहे. पहाटे त्या भिंतीपाशी उभं राहिलं की आभाळ कुठे संपतं ते कळत नाही.

माझं मनगट मोडलं होतं तेव्हाचा एक्स-रे तुम्ही ट्रंकेतून काढलात आणि त्यात कात्रीने पान कापलंत. तो भिंतीला लावायचा, वरून कापडाच्या बोळ्याने रंग टिपायचा, की पान उमटायचं. "तुह्या हाडातून पानं निघून राह्यले," म्हणालात. मला तेव्हा शहारा आला होता. आता ती पानं मी रोज मोजते. उत्तरेच्या भिंतीवर चाळीस आहेत, एक उलटं.

आणि सोनीबाईचे आरसे. पलीकडच्या तांड्यावरची आपली सोनीबाई, तिच्या आईची जुनी कांचळी चोळी विरून गेली होती. तिने तिच्यावरचे टिकलीएवढे आरसे उसवून दिले. तुम्ही ते छपरीच्या खांबावर ओल्या सिमेंटमध्ये एकेक दाबत गेलात. दुपारी तीनच्या सुमारास ऊन त्यांच्यावर येतं आणि छपरीभर उजेडाचे ठिपके हिंडायला लागतात. कणगीवरून, माठावरून, तुमच्या अंगावरून. तुम्ही बाजेवर निजलेले असायचात आणि एक ठिपका हळूहळू तुमच्या छातीवरून गळ्याकडे जायचा. तो डोळ्यांवर पोचला की तुम्ही जागे व्हायचात. घड्याळ नको, काही नको. बादल्या आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो ठिपका वेळेवर आला. तिथे बाज नव्हती, तुम्हीही नव्हता. तो क्रीम रंगाच्या बादलीवरून चालत गेला आणि मावळला. मी तेव्हा रडले. तेरवीला रडले नव्हते एवढी.

राहिली होती समोरची भिंत. रस्त्याकडची. तिला तुम्ही मला हात लावू देत नव्हता. "हे माह्यी," म्हणालात. दिवाळीच्या दोन दिवस आधी मी अंगणवाडीतून आले तर दारापुढे ही गर्दी. भिंत लालभडक! आणि तुम्ही कोपरापर्यंत लाल, घमेलं हातात, चेहऱ्यावर हसू. घमेल्यात चक्कीची झाडलेली हळद आणि चुना.

मग माझं तोंड सुटलं. "अवो, जलमभर हळद दळून राह्यले, अन् एवढं ठाऊक नाही? हळदीत चुना घातला त काय होते, शेंबड्या पोराले इचारा! कुंकू होते, कुंकू! पिवळं घर करासाठी निंगाले अन् हे काय करून ठेवलं?" अख्खी गल्ली हसली. चक्कीवाला हळद-चुन्याला फसला, ही गोष्ट गावाला महिनाभर पुरली.

तुम्ही एवढंच म्हणालात, "मले ठाऊक होतं. मुद्दाम केलं."

"मुद्दाम! अन् कायले?"

त्यावर तुम्ही नुसते हसलात आणि हात धुवायला गेलात.

मग तो आपला रोजचा वाद झाला. भाजीत मीठ जास्त पडलं तर तुम्ही मला बोलायचात, मी म्हणायचे, "मुद्दाम केलं." दळणात कोणाचा डबा बदलला की मी चक्कीच्या दारात उभी राहून विचारायचे, "हेबी मुद्दाम का?" तुम्ही हरायचा नाहीत, चिडायचाही नाहीत. माणूस चिडला तर भांडणात मजा असते. तुमच्याशी भांडणं म्हणजे कापसाला बुक्क्या मारणं. पण एक सांगते, जे तेव्हा सांगितलं नाही. ती भिंत मला आवडली होती. त्या दिवाळीत पणत्या लावल्या आणि लाल भिंतीवर उजेड पडला, तेव्हा मी रस्त्यापलीकडे जाऊन उगाच उभी राहिले होते. शेजारणीने विचारलं, काय पाहतेस? मी म्हटलं, तेल किती उरलं ते.

आणि मग भिंत बदलायला लागली. रोज थोडी. लालाची नारिंगी झाली, आणि एका पहाटे तुम्ही मला हलवून उठवलंत. "ये, पाह्य." धुकं होतं. त्यात आपली भिंत पिवळी. ओल्या हळकुंडाचा आतला रंग असतो ना, तो. तुम्ही चहाचा कप माझ्या हातात दिलात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलात, पोरगं पाटी दाखवून बघतं तसे. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "हं. झाली आपोआप." एवढंच. एक शब्द चांगला बोलले असते तर माझी काय जीभ झडली असती?

संक्रांतीपर्यंत उन्हाने पिवळा उडवून नेला. भिंत पांढरी पडली. मागच्या दिवाळीला तुम्ही पुन्हा कुंचा भिजत घातलात. म्हणालात, "समोरची करू का अजून एकदा?" मला करायचीच होती. पण वर्षभर ज्या भिंतीवरून तुम्हाला बोलले, ती आता कर म्हणायचं कसं? मी म्हटलं, "नको बापा. पांढरीच बरी. लोकायले हसाले पुन्हा कायले द्या?" तुम्ही कुंचा पाण्यातून काढलात, पिळलात आणि खिळ्याला अडकवलात. मी बघत होते. तुमच्या हातातून पाणी गळत होतं. ते पाणी मला अजून दिसतं. अहो, मी खोटं बोलले होते. ही दिवाळी काय, पुढची आहेच की, असं वाटलं होतं.

दादाजींना मी हे सगळं कसं सांगणार? सोमवारी त्यांचा निरोप आला की पेंटरला शिडी लागेल, काढून ठेव. शिडी चक्कीवर होती. तुम्ही गेल्यापासून मी तिकडे फिरकले नव्हते. तिथेच दुपारी आडवे झालात आणि उठला नाहीत, म्हणून पाय धजावत नव्हता. पण शिडी आणायला जावंच लागलं.

शटर उचललं आणि हळदीचा वास असा अंगावर आला की मी दोन मिनिटं उंबऱ्यावरच बसले. सगळं पिवळं. पट्टा पिवळा, तराजू पिवळा, तुमचा खिळ्यावरचा सदरा पिवळा. भिंतीवर तुमच्या पेन्सिलीची अक्षरं. तुम्हाला वही कधी जमली नाही. कोणाचा डबा कधी आला, पट्टा कधी बदलला, बेअरिंगला तेल कधी दिलं, सगळं भिंतीवर. मी म्हणायचे, चक्की विकायची झाली तर भिंतीसकट विकावी लागेल.

शिडी मागच्या भिंतीला, पोत्यांच्या आड. पोती सरकवली, शिडी बाजूला घेतली आणि थांबले.

भिंतीवर तळहाताएवढे चौकोन रंगवलेले होते. एका ओळीत नऊ. तिथे ऊन पोचत नाही, म्हणून रंग तसेच राहिलेले. प्रत्येकाखाली पेन्सिल. पहिल्याखाली 'हळद १ चुना ५, फिक्का.' दुसऱ्याखाली 'काळपट.' एकाखाली 'पोपडे निंगाले.' एकाखाली 'मीठ घातलं, नाही जमत.' शेवटचा चौकोन पिवळाधमक, आणि त्याखाली: 'डिंक घातला. आठ दिवस लाल. मंग पिवळा. हा बरा.' आणि त्याच्याही खाली, जरा बारीक अक्षरात: 'हिले सांगू नये.'

ही म्हणजे मी.

मी हळदीच्या पोत्यावर बसले. वास्तूचा दिवस आठवला. नारळ फोडणारे तुम्ही, सासूबाईंचा माझ्या तोंडावरचा हात, आणि माझं ते वाक्य. तुम्ही ऐकलं होतंत. अकरा वर्षं जवळ ठेवलंत. बिना कुंकवाचं म्हणाली ना ही, मग आधी कुंकू लावू, नंतर हळद राहील. आणि मी गावासमोर तुम्हाला खुळं ठरवलं!

खरं सांगू, आधी राग आला. एवढा राग की शिडी उचलून आपटावी वाटली. एकदा म्हणायचं होतं, चल चक्कीवर, दाखवतो. माझं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं. पण तुम्हाला माझं तोंड बंद करायचंच नव्हतं. तुम्हाला ते चालू असलेलं आवडायचं, हे मला त्या पोत्यावर बसून कळलं. कळून काय उपयोग? दहाव्याला नदीवर बायांनी माझं कुंकू पुसलं तेव्हा मी गप्प उभी होते. आता बायांनी पुसलं ते पुसलं. भिंतीचं कोणी पुसू नये, असं मला फार वाटायला लागलं.

मी शिडीबरोबर हळदीची झाडण घेऊन आले. संध्याकाळी चुना पाण्यात टाकला, तो रटरट उकळला. बाभळीचा डिंक भिजत घातला. तुमचा कुंचा खिळ्यावरून काढला. मंगळवारी फटफटताना शिडी समोरच्या भिंतीला लावली.

घमेल्यात हळद ओतली आणि ढवळली. पहिल्या फेऱ्यातच पिवळ्याचं लाल झालं. इतकी वर्षं ऐकून होते, स्वतःच्या हाताखाली होताना पहिल्यांदा पाहिलं. घमेलंभर पांढऱ्या चुन्यातून ते लाल वर येत होतं आणि मी काठी फिरवत होते. किती वेळ नुसती फिरवतच होते कोण जाणे.

सोनीबाई शेण टाकायला निघाली होती. टोपली घेऊन ती तिथेच थांबली. "याडी!" तिच्या तोंडून आईच निघाली. मग म्हणाली, "काय व हे, आजच?"

"आजच."

तिने टोपली खाली ठेवली आणि शिडी धरली. अर्धी भिंत झाली तेव्हा ऊन आलं. मी मनगटाने घाम पुसला. सोनीबाई वर बघत होती. म्हणाली, "मंदा, कपाळाले रंग लागला व तुह्या."

मी म्हटलं, "राहू दे."

ती मान खाली घालून शिडी धरून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

नऊ वाजता दादाजी पेंटरला घेऊन आले. मी शिडीवरून उतरले. सवयीने हात पदराकडे गेला, पण दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. पदर धरता येईना. मग तशीच उभी राहिले, उघड्या तोंडाने, त्यांच्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदा.

"मंदा, हे काय?" त्यांनी विचारलं.

"दादाजी, घर असंच राहीन जी."

पेंटर बिचारा भिंतीला बोट लावून म्हणाला, "ओल्या चुन्यावर माहा रंग बसतबी नाही." आणि सायकल वळवून गेला. दादाजी गेले नाहीत. मला वाटलं, आता बोलतील. ते भिंतीकडे बघत राहिले. निळ्या भिंतीकडे, खांबाकडे, त्या उलट्या पानाकडे. मग दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "मले पाहावत नाही व. जिकडं पाहाव तिकडं त्याचाच हात दिसते."

म्हणजे जत्रा नाही, पाळणा नाही, हे होतं तर. इतके दिवस मी त्यांना कठोर समजत होते. मी म्हटलं, "मलेबी तोच दिसते जी. म्हणूनच म्हणतो, राहू द्या."

ते क्रीम रंगाच्या बादलीवर बसले. सोनीबाईने आत जाऊन चहा ठेवला.

"हे लालच राहीन काय आता?" त्यांनी विचारलं.

"नाही जी. आठ दिवस लाल. मंग पिवळी."

"तुले कोणं सांगतलं?"

"त्यायनं. लिहून ठेवलं हाये."

चहा झाल्यावर मी त्यांना चक्कीवर घेऊन गेले. त्यांनी एकेका अक्षराखाली बोट धरून वाचलं. शेवटच्या ओळीशी आले आणि हसले. अहो, तुमचे दादा हसले! "भलता पाजी होता," म्हणाले, आणि मग पोत्यांकडे तोंड करून उभे राहिले. बादल्या घेऊन गेले घरी. त्यांच्या गोठ्याला लावणार आहेत.

कपाळावरचा रंग मी दुपारी धुतला. चुना होता, चरचरायला लागलं होतं. धुण्याआधी खांबावरच्या आरशात पाहिलं. टिकलीएवढा आरसा, त्यात टिकलीएवढंच मावलं.

रात्री संजूला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, पिवळी झाली की फोटो पाठव." म्हटलं, तूच येऊन बघ, फोटोत ओला चुना आणि वाळलेला चुना सारखाच दिसतो.

आज सहावा दिवस. सकाळी अंगण झाडताना पाहिलं, उजव्या कडेला, पन्हाळीखाली, वीतभर पट्टा बदलला आहे. मी जवळ गेले, लांब गेले, रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले. या वेळी शेजारणीने विचारलं तेव्हा खरं सांगितलं. म्हटलं, माझी भिंत पाहतेय.

मग चक्कीवर गेले. तुमची पेन्सिल तराजूखालीच होती. शेवटच्या चौकोनाखाली, तुमच्या ओळीच्या खाली थोडी जागा उरली होती, तिथे लिहून आले: 'समोरची भिंत. सहाव्या दिवशी कडेनं पिवळी. मुद्दाम केलं होतं. कबूल.'